गरीब स्वभावाचा कुत्रा येतो कुठून?

बदलापूरच्या आमच्या फ्लॅटमध्ये कुत्रा आणायचं ठरलं. आईची अट एकच: गरीब स्वभावाचा हवा, घरात चार वर्षांची भाची आहे. मी पडलो इंजिनिअर, लगेच यादी केली. पहिलं नाव गोल्डन रिट्रीव्हर.

पण हा गरीबपणा आला कुठून? १८६८ साली स्कॉटलंडमध्ये लॉर्ड ट्वीडमाउथ यांच्याकडे 'नूस' हा पिवळा रिट्रीव्हर आणि 'बेल' ही ट्वीड वॉटर स्पॅनियल यांना पिल्लं झाली. त्यांना हवा होता शिकारीचा कुत्रा. बंदुकीने पाडलेला पक्षी दात न रुतवता आणून द्यायचा, म्हणजे तोंड हलकं हवं आणि माणसाचं ऐकणारा हवा. लॅब्राडोरचे पूर्वजही न्यूफाउंडलंडच्या कोळ्यांसोबत राबणारे. उलट आपला कारवान, म्हणजेच मुधोळ, सशामागे सुसाट सुटणारा. त्याला मोकळं रान लागतं.

थोडक्यात, स्वभावाच्या मागे काम असतं आणि कामाप्रमाणे शरीर. थंड पाण्यासाठीचा तो दुहेरी केसांचा कोट बदलापूरच्या एप्रिलमध्ये काय करणार? तीस किलोचा कुत्रा ओढायला लागला तर आईच्या गुडघ्यांचं काय? मी तर सकाळची लोकल पकडतो, ते रात्रीच घरी.

शेवटी सोसायटीच्या गेटवरची गावठी कुत्रीच घरी आणली. वय दोनेक वर्षं. पिल्लाचा स्वभाव पुढे कळतो, हिचा समोर दिसत होता. भाचीला घेऊन चार रविवार तिच्याजवळ बसलो, मग लसी दिल्या. वंशावळ नाही, पण इथलं ऊन तिच्या पिढ्यांनी सोसलंय.