आखूड बोटांचा हिशेब

फेब्रुवारी 1908 मध्ये लंडनच्या रॉयल सोसायटी ऑफ मेडिसिनमध्ये रेजिनाल्ड पनेट यांनी मेंडेलच्या नियमांवर व्याख्यान दिले. तेथे संख्याशास्त्रज्ञ उडनी यूल यांनी काढलेली शंका पुढे अशी नोंदली गेली: आखूड बोटांचा गुण प्रभावी असेल, तर कालांतराने चारांतील तिघे आखूड बोटांचे व्हायला हवेत, तसे का होत नाही? पनेट यांनी हा पेच केंब्रिजमधले आपले क्रिकेटमधले सोबती, गणिती जी. एच. हार्डी यांच्यापुढे ठेवला. हार्डींना तो पाढ्यांइतका सोपा वाटला. त्यांचाच हिशेब आपण करून पाहू. समजा, दर 10,000 सर्वसाधारण माणसांमागे एक शुद्ध आखूड बोटांचा आहे आणि विवाह यदृच्छेने होतात. पुढच्या पिढीत हे प्रमाण साधारण 10,000 मागे दोन होते, कारण जनुकाची एकच प्रत लाभलेल्या संततीतही गुण दिसतो. त्यानंतर मात्र ते तिथेच थांबते. निवड, स्थलांतर, उत्परिवर्तन नसेल आणि समूह फार मोठा असेल, तर प्रभावी म्हणून कोणताही गुण वाढत नाही. हा हिशेब मांडणारे हार्डींचे पत्र जुलैमध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात छापून आले.

पण त्याआधी, 13 जानेवारीलाच, श्टुटगार्टचे डॉक्टर विल्हेल्म वाइनबर्ग यांनी हाच नियम व्याख्यानात मांडला होता. त्याही मागे गेलो, तर 1903 मध्ये अमेरिकेतील विल्यम कॅसल भेटतात: निवड थांबली की प्रमाण स्थिरावते, हे त्यांनी ओळखले होते. वाइनबर्ग 1937 मध्ये वारले. जनुकशास्त्रज्ञ कर्ट स्टर्न यांनी त्यांचे नाव हार्डींच्या नावाशेजारी आणले ते 1943 मध्ये. माझ्या मते विज्ञानाच्या इतिहासातील ही उशिराची, पण मोलाची भरपाई आहे.

काही बदलत नाही असे सांगणारा हा नियमच बदल मोजण्याचा पाया ठरला. फिशर, हाल्डेन आणि राइट यांनी त्यावर निवडीचे आणि योगायोगाचे गणित रचले. 1939 मध्ये जनुकशास्त्रज्ञ सिरिल डार्लिंग्टन यांनी प्रश्नाची दिशाच पालटली: जनुकांची सरमिसळ करणारी यंत्रणाही उत्क्रांत होत असेल ना? पुढे मासातोशी नेई आणि मार्कस फेल्डमन यांनी ही सरमिसळ कमी-जास्त करणाऱ्या जनुकांचेच गणित मांडले. एकाच ठिकाणच्या स्थिर निवडीने समतोल साधलेल्या मोठ्या समूहात सरमिसळ कमी करणारे जनुक फैलावते, असे त्यातून निघाले. मग निसर्गात सरमिसळ इतकी सर्रास का टिकून आहे? रोगजंतूंशी चालणारी चढाओढ, हानिकारक उत्परिवर्तनांचा निचरा, छोट्या समूहांतला योगायोग अशी उत्तरे आज तपासली जात आहेत.