सहकुटुंब तीन महिने परदेशात : हिशेब असा मांडा

बालाघाटहून सहकुटुंब युरोपला जायचं तर तिकिटाआधीचाच खर्च बराच असतो. साध्या 36 पानी पासपोर्टची फी मोठ्यांना 1500, आठ ते चौदा वर्षांच्या मुलांना 1000 रुपये. 2018 पासून देशात कुठूनही अर्ज करता येतो, त्यामुळे भोपाळपेक्षा नागपूर सोयीचं.

शेंगेन देशांत 180 दिवसांत जास्तीत जास्त 90 दिवस राहता येतं. जून 2024 पासून व्हिसा फी 90 युरो, 6 ते 11 वयाला 45. किमान 30 हजार युरोचा वैद्यकीय विमा सक्तीचा.

बँकेने टीसीएस घेतला तर तो खर्च नव्हे. आयकर रिटर्नमध्ये वळता होतो. पण तोवर पैसा अडकतो, म्हणून तेवढी रक्कम वेगळी ठेवावी.