वऱ्हाडातील कापूसबाजार व शेतकरी
पूर्वीच्या वणी जिल्ह्यास १९०५ साली यवतमाळ हे नाव मिळाले. या जिल्ह्याच्या बाजारपेठांचा इतिहास हा मुख्यत्वे कापसाचा इतिहास होय. १८९७ च्या वऱ्हाड कापूस व धान्य बाजार कायद्याने दलाल व मापारी यांस परवाने बंधनकारक केले आणि वजनमापांची तपासणी सुरू केली. हिंदुस्थानातील अशा स्वरूपाचा हा पहिलाच कायदा. तथापि पाच सभासदांच्या बाजारसमितीत तीन व्यापारी व दोन नगरपालिकेचे प्रतिनिधी असत. कापूस पिकविणाऱ्या शेतकऱ्यास स्थान नव्हते. पुढे महाराष्ट्राच्या १९६३ च्या कायद्याने समितीत शेतकरी-प्रतिनिधींचे बहुमत प्रस्थापित केले. यास्तव बाजाराच्या न्याय्यतेचा विचार करताना अभ्यासकाने काट्याबरोबरच समितीची घटनाही तपासली पाहिजे.