पाया आणि घडण

काशीस मणिकर्णिकेलगत शिंदे घाट आहे. ग्वाल्हेरच्या बायजाबाई शिंदे यांनी १८३० च्या सुमारास तो बांधविला. दगड भक्कम होता, घडणही थाटाची होती. परंतु नदीकाठच्या जमिनीस एवढे ओझे पेलवले नाही आणि घाट आपल्याच भाराने खचला. पाथरवटाने जितका चिरा चढविला, तितके संकट वाढले.

त्याच्याही आधी नाना फडणिसांनी काशीच्या पूर्वेस कर्मनाशा नदीवर पूल घालण्याचे मनावर घेतले होते. या नदीच्या स्पर्शाने पुण्यक्षय होतो, अशी समजूत असल्याने यात्रेकरूंना पूल हवाच होता. पण वाळूत पाया ठरेना. काम सोडून द्यावे लागले. पुढे राजा पटनीमल यांच्या द्रव्याने आणि जेम्स प्रिन्सेप यांच्या आराखड्याने तो पूल उभा राहिला. द्रव्य नानांपाशीही होते. अडले ते पायापाशी.

संगणकाची आज्ञावली ही अशीच एक इमारत होय. तिच्यात दोष दोन प्रकारचे: एक योजनेतला, दुसरा लेखनातला. दगडी कामात हे दोन्ही वेगळे ओळखता येतात. आज्ञावलीत मात्र एक दोष दुसऱ्यास झाकून ठेवतो.

४ जून १९९६ रोजी फ्रेंच गयानातील कुरू येथून ‘एरियान ५’ हे अग्निबाण प्रथमच उडाले आणि सुमारे ४० सेकंदांत नष्ट झाले. त्याची दिशादर्शक आज्ञावली ‘एरियान ४’ वरून जशीच्या तशी घेतली होती. तीत ६४ बिटांची एक संख्या १६ बिटांच्या जागेत घालावी लागे. ती तेथे मावेल की नाही, याची तपासणी ठेवलेली नव्हती. जुन्या बाणाच्या वेगास ते चालून गेले. नव्याच्या वेगास संख्या मावली नाही. राखीव यंत्रातही तीच आज्ञावली असल्याने तेही त्याच क्षणी निकामी ठरले. तपासणी गाळण्याचा निर्णय विचारपूर्वक घेतलेला होता. पण त्याचे कारण आज्ञावलीत कोठेही नमूद नव्हते, असे चौकशी मंडळास आढळले. आणि नव्या बाणाच्या मार्गाची आकडेवारी घालून ती यंत्रणा उड्डाणापूर्वी पारखलीही गेली नव्हती. लेखनातील मौनामुळे योजनेतील चूक दिसली नाही. योजनेतील चुकीमुळे ते मौन घातक ठरले.

घाटाचा चिरा सहसा दुसऱ्या घाटास लागत नाही. आज्ञावलीच्या ओळी मात्र एका यंत्रातून दुसऱ्यात सहज जातात. म्हणून त्या कोणत्या जमिनीसाठी घडविल्या, हे त्यांच्यावरच कोरून ठेवणे हे लिहिणाराचे काम. आणि नवी इमारत उभारण्यापूर्वी तो लेख वाचून जमीन पारखणे, हे योजकाचे.