पंधरा हजार आणि दीड हजार

वीणा गवाणकर यांचे ‘एक होता कार्व्हर’ १९८१ साली प्रसिद्ध झाले. तेव्हापासून जॉर्ज वॉशिंग्टन कार्व्हर हे नाव मराठी शाळांत चांगलेच परिचयाचे आहे. १८९६ साली ते अलाबामा राज्यातील टस्कीगी येथे, कृष्णवर्णीयांसाठी चालवलेल्या संस्थेत, शेतकीचे अध्यापक म्हणून गेले. तेथे प्रयोगशाळा नव्हती. विद्यार्थ्यांना बरोबर घेऊन त्यांनी उकिरड्यावरच्या बाटल्या, तारा, बरण्यांची झाकणे गोळा केली आणि त्यांतून प्रयोगशाळा उभी केली. ही गोष्ट आपण वर्गात आवडीने सांगतो, आणि ती सांगावी अशीच आहे.

पण एखाद्या चौकस मुलाने विचारावा असा एक प्रश्न तिच्यात दडलेला आहे. शेतकी शिक्षणासाठी अमेरिकेचे केंद्र सरकार त्या काळी राज्यांना दरवर्षी अनुदान देत होते. मग कार्व्हरना बाटल्या वेचण्याची वेळ का आली? याचे उत्तर अनुदानाच्या कायद्यांत सापडते. अनुदान किती, याइतकेच ते कोणत्या अटींवर आणि कोणाच्या हातून मिळते हेही महत्त्वाचे असते, हा अनुभव आपल्याकडच्या शिक्षकांना नवा नाही. म्हणून हे कायदे जरा जवळून पाहू या.

जमिनीचे अनुदान

व्हरमाँट राज्यातील लोहाराचा मुलगा जस्टिन मॉरिल याचे शिक्षण पैशाअभावी लहानपणीच थांबले होते. पुढे तो अमेरिकेच्या प्रतिनिधिगृहात निवडून गेला. शेतकऱ्यांच्या आणि कामगारांच्या मुलांसाठी प्रत्येक राज्यात एक तरी कॉलेज असावे, असे विधेयक त्याने १८५७ साली मांडले. १८५९ साली ते संमत झाले, परंतु राष्ट्राध्यक्ष ब्यूकॅनन यांनी नकाराधिकार वापरला. यादवी युद्ध चालू असताना, २ जुलै १८६२ रोजी, अब्राहम लिंकन यांनी नव्या विधेयकावर सही केली.

सरकारजवळ रोख पैसा कमी आणि जमीन भरपूर होती. म्हणून अनुदान जमिनीच्या रूपाने दिले गेले. राज्याचे केंद्रीय कायदेमंडळात जितके सभासद, तितक्या वेळा ३०,००० एकर असा हिशेब होता. न्यूयॉर्कचे ३३ सभासद होते, त्याला ९,९०,००० एकर मिळाले. ज्या राज्यांत सरकारी जमीन उरली नव्हती त्यांना पश्चिमेकडील जमिनीची हक्कपत्रे मिळाली. ती विकून येणारी रक्कम गुंतवायची, मुद्दल कायम राखायचे आणि व्याजावर कॉलेज चालवायचे. मुद्दल किंवा व्याज यांतील काहीही इमारतीवर खर्च करायचे नाही, ही अट होती. इमारतीचा भार राज्याने उचलावा, असा त्यामागचा हेतू.

आता गणित करून पाहू. सर्वांत लहान राज्याचे सभासद ३, म्हणजे जमीन ९०,००० एकर. सरकारी भाव एकरी सव्वा डॉलर. त्या भावाने १,१२,५०० डॉलर आले आणि ५ टक्के व्याज मिळाले, तर वर्षाला ५,६२५ डॉलर हाती येतात. पण सगळ्या राज्यांची हक्कपत्रे एकदम बाजारात आली, तेव्हा भाव कोसळला आणि कित्येकांनी ती अर्ध्या डॉलरच्या आसपास विकली. अर्ध्या डॉलरने मुद्दल ४५,००० होते, आणि वर्षाचे उत्पन्न २,२५० डॉलर! बरीच कॉलेजे पहिली वीस-पंचवीस वर्षे ओढगस्तीत का होती, ते यावरून कळते.

या हिशेबात एक बाजू पूर्वी सांगितली जात नसे. ही जमीन रिकामी नव्हती. २०२० साली प्रसिद्ध झालेल्या एका शोधपत्रकारितेच्या प्रकल्पाने जुन्या नोंदी ताडून दाखवले, की या कायद्याखाली वाटलेली सुमारे १ कोटी ७ लाख एकर जमीन जवळजवळ अडीचशे मूलनिवासी जमातींकडून, तह लादून किंवा बळाने घेतलेली होती. लोहाराच्या मुलाने शेतकऱ्यांच्या मुलांसाठी मागितलेल्या शिक्षणाची पहिली किंमत या जमातींनी मोजली.

शिकवायचे काय?

कॉलेजे निघाली तरी दुसरी अडचण होती. शेतीवरची शास्त्रीय पुस्तके थोडी, शिकवणारे त्याहून थोडे. आपल्या हवेत, आपल्या मातीत काय पिकते याची तपासून पाहिलेली माहितीच नव्हती. ही उणीव भरून काढण्यासाठी १८८७ साली हॅच कायदा झाला. संशोधन केंद्रासाठी प्रत्येक राज्याला वर्षाला १५,००० डॉलर रोख मिळू लागले.

त्याचे फळ लवकर दिसले. दुधाचा भाव तेव्हा मापावर ठरे, त्यामुळे पाणी घालणाऱ्याचा फायदा आणि प्रामाणिक शेतकऱ्याचा तोटा होई. १८९० साली विस्कॉन्सिनच्या केंद्रातील स्टीफन बॅबकॉक यांनी एक सोपी चाचणी शोधली. दुधात सल्फ्युरिक आम्ल घातले की स्निग्धांश सोडून इतर घनपदार्थ विरघळतात. बाटली यंत्रात गरगर फिरवली की हलका स्निग्धांश वर येतो. मग गरम पाणी घालून तो बाटलीच्या निमुळत्या मानेत चढवायचा आणि तेथील खुणांवर त्याचे प्रमाण वाचायचे. बॅबकॉक यांनी या शोधाचे पेटंट घेतले नाही. आपल्याकडच्या दूध संकलन केंद्रांत ‘फॅट’ काढण्यासाठी वर्षानुवर्षे वापरलेली गर्बर पद्धतही याच तत्त्वावर चालते.

‘न्याय्य’ वाटणी

१८९० साली मॉरिल यांच्याच पुढाकाराने दुसरा कायदा झाला. त्याने कॉलेजांना वर्षाला १५,००० डॉलर रोख मिळू लागले आणि ही रक्कम वाढत वाढत २५,००० पर्यंत जायची होती. प्रवेशात वर्णभेद करणाऱ्या कॉलेजाला पैसा मिळणार नाही, असे कायद्यात होते. परंतु लगेच एक पळवाटही होती. कृष्णवर्णीयांसाठी वेगळे कॉलेज काढून राज्याने रकमेची ‘न्याय्य’ वाटणी केली तरी चालणार होते. न्याय्य म्हणजे किती, हे ठरवणे राज्यांवर सोडले गेले. दक्षिणेतील राज्यांनी वेगळी कॉलेजे काढली. अलाबामात हा वाटा हंट्सव्हिलजवळच्या शाळेला गेला, टस्कीगी त्यातून बाहेर राहिली.

संशोधनाच्या पैशाची तर वाटणीही नव्हती. अलाबामाचे हॅच कायद्याचे १५,००० डॉलर ऑबर्न येथील गोऱ्यांच्या कॉलेजाला जात. १८९७ साली राज्याच्या कायदेमंडळाने टस्कीगीला एक संशोधन केंद्र मंजूर केले. त्याचे वार्षिक अनुदान १,५०० डॉलर, म्हणजे ऑबर्नच्या एक दशांश. कार्व्हर स्वतः आयोवाच्या शेतकी कॉलेजात शिकले होते. १८६२ चा कायदा सर्वांत आधी स्वीकारणारे राज्य आयोवाच. चांगले अनुदान मिळालेले कॉलेज कसे असते हे त्यांनी जवळून पाहिले होते.

दीड हजारात त्यांनी जे केले ते आपल्याला ठाऊक आहे. विकतचे खत परवडत नाही अशा शेतकऱ्यासाठी पालापाचोळा आणि दलदलीतला गाळ वापरून पाहिला. कापसाने कस गेलेल्या जमिनीत चवळी, भुईमूग, रताळी लावली. साध्या भाषेत पुस्तिका काढल्या. १९०६ साली न्यूयॉर्कचे एक धनिक मॉरिस जेसप यांच्या देणगीतून अवजारे आणि बियाणे घेऊन खेडोपाडी जाणारी गाडी सुरू केली.

शेतकऱ्याच्या बांधावर जाऊन शिकवण्याचा हा मार्ग इतरही काही जण चोखाळत होते. १९१४ साली स्मिथ-लीव्हर कायद्याने त्याला देशभर अनुदान मिळाले. येथेही पैसा कोणत्या कॉलेजाच्या हाती द्यायचा हे राज्याच्या कायदेमंडळाने ठरवायचे होते, आणि दक्षिणेत तो गोऱ्यांच्या कॉलेजांच्या हाती गेला.

तीन वर्षांनी शाळांची पाळी आली. १९१७ च्या स्मिथ-ह्यूज कायद्याने माध्यमिक शाळांतील शेतकी शिक्षकांच्या पगारासाठी अनुदान दिले. केंद्राच्या प्रत्येक डॉलरमागे राज्याने किंवा गावाने एक डॉलर घालायचा. विद्यार्थ्याने वर्षातून किमान सहा महिने शिक्षकाच्या देखरेखीखाली प्रत्यक्ष शेतीकाम केलेच पाहिजे, अशी अट होती. ही अट आम्हांला फार मोलाची वाटते. तिच्यामुळे शेतकी हा नुसता पुस्तकातला विषय राहू शकला नाही आणि शिक्षकाला विद्यार्थ्याच्या शेतावर जावेच लागले. म्हणजे अटींनी शिक्षण बिघडते तसे घडतेही.

१८९० च्या कायद्याखालील कॉलेजांना संशोधनासाठी केंद्राचा थोडा पैसा मिळू लागला तो १९६७ साली. कायद्याने नियमित तरतूद झाली १९७७ साली, म्हणजे हॅच कायद्यानंतर नव्वद वर्षांनी. सप्टेंबर २०२३ मध्ये केंद्राच्या शिक्षण आणि शेती खात्यांच्या मंत्र्यांनी १६ राज्यांच्या गव्हर्नरांना पत्रे लिहिली. १८६२ च्या कॉलेजांना विद्यार्थ्यामागे जेवढे दिले तेवढेच राज्यांनी या कॉलेजांना दिले असते, तर १९८७ ते २०२० या काळात त्यांना १,२०० कोटी डॉलरहून अधिक मिळाले असते, असा हिशेब त्यांनी मांडला.

आपल्याकडे १९६० साली पंतनगरला पहिले कृषी विद्यापीठ निघाले, ते अमेरिकेतील याच कॉलेजांच्या नमुन्यावर. राहुरी (१९६८), अकोला (१९६९), परभणी आणि दापोली (१९७२) येथील विद्यापीठेही शिक्षण, संशोधन आणि विस्तार या त्याच तीन कामांसाठी स्थापन झाली. नमुना घेताना त्याचा हा इतिहासही माहीत असलेला बरा.

वरच्या वर्गांना कार्व्हरची गोष्ट सांगून झाली, की फळ्यावर १५,००० आणि १,५०० हे दोन आकडे लिहावेत आणि मुलांना विचारावे, की उरलेले १३,५०० हाती असते तर कार्व्हरनी कायकाय विकत घेतले असते? यादी मुलांनाच करू द्यावी. तराजू, सूक्ष्मदर्शक, रसायने, मदतनीसाचा पगार असे एकेक नाव ती सांगू लागतील. मग बाटल्यांची गोष्ट पुन्हा एकदा सांगावी.