साउथ फोर्कचे खासगी धरण आणि जबाबदारीचे हस्तांतर

धरणफुटी म्हटले की मराठी मनात १२ जुलै १९६१ चे पानशेत उभे राहते. ते धरण शासनाचे होते. त्यामुळे जाब शासनाला विचारता आला. परंतु धरण खासगी असेल, आणि तेही शेतीसाठी वा विजेसाठी नव्हे तर केवळ विहारासाठी राखलेले असेल, तर जाब कोणाला विचारायचा? या प्रश्नाचे अत्यंत भीषण उदाहरण ३१ मे १८८९ रोजी अमेरिकेतील पेनसिल्व्हेनिया राज्यात घडले.

साउथ फोर्कचे मातीचे धरण मुळात सार्वजनिक होते. जॉन्सटाउन येथील कालव्याला उन्हाळ्यात पाणी मिळावे म्हणून राज्याने ते बांधावयास घेतले आणि १८५३ मध्ये पूर्ण केले. उंची ७२ फूट, लांबी ९३१ फूट. बांधून होते न होते तोच रेल्वे आली आणि कालवाच निरुपयोगी ठरला. १८५७ मध्ये राज्याने कालव्यासह धरणही पेनसिल्व्हेनिया रेल्वे कंपनीला विकून टाकले. रेल्वेला धरणाचे काय सोयरसुतक! देखभालीअभावी १८६२ मध्ये भरावाला खिंडार पडले. तलाव निम्माही भरलेला नव्हता आणि राखणदाराने तळाच्या झडपा उघडून पाणी सोडले होते, म्हणून त्या वेळी थोडक्यात निभावले.

१८७५ मध्ये धरण जॉन रायली नामक काँग्रेस सदस्याने विकत घेतले. त्याने तळातील ओतीव लोखंडाचे विमोचक नळ काढून भंगारात विकले, आणि १८७९ मध्ये ही मालमत्ता बेंजामिन रफ याला खरेदीपेक्षा पाचशे डॉलर कमी घेऊन दिली. या साऱ्या इतिहासात मला सर्वाधिक अस्वस्थ करणारा व्यवहार हाच वाटतो. विक्रेत्याच्या हिशेबात ते केवळ लोखंड होते. चौदा मैल खाली वसलेल्या शहराच्या दृष्टीने, तलाव संकटकाळी रिकामा करण्याचे ते एकमेव साधन होते. या दुसऱ्या मूल्याची नोंद कोणत्याही खरेदीखतात होत नाही. अर्थशास्त्रात याला बाह्य परिणाम म्हणतात. शब्द फारच सौम्य आहे.

रफने येथे पिट्सबर्गच्या धनिकांसाठी मासेमारी व शिकारीचा क्लब स्थापन केला. अँड्र्यू कार्नेगी, हेन्री फ्रिक, अँड्र्यू मेलन अशी नावे सभासदांत होती. खिंडार माती, दगड, झुडपे, गवत असे जे हाताशी आले त्याने बुजवण्यात आले. नळ पुन्हा बसवले नाहीत. माथ्यावरून दोन घोडागाड्या शेजारून जाव्यात म्हणून माथा सुमारे तीन फूट खाली घेतला. मासे वाहून जाऊ नयेत म्हणून सांडव्यावर जाळ्या बसवल्या. सुखसोयीसाठी केलेल्या या छोट्या फेरफारांनी सुरक्षिततेचा एकेक थर काढून घेतला.

धोका कोणाच्या लक्षात आला नाही असे मुळीच नाही. जॉन्सटाउनच्या कॅम्ब्रिया लोह कंपनीचे प्रमुख डॅनियल मॉरेल यांनी १८८० मध्ये आपले अभियंते जॉन फुल्टन यांना पाहणीस धाडले. तलाव रिकामा करण्याची सोय नाही आणि दुरुस्ती भक्कम नाही, हे दोन दोष त्यांनी लेखी नोंदवले. खालच्या लोकांना आमच्यापासून धोका नाही, असे रफने कळवले. मॉरेल यांनी दुरुस्तीच्या खर्चात वाटा उचलण्याची तयारी दाखवली. तीही नाकारली गेली. त्यापुढे जाण्यास मार्गच नव्हता. तपासणी करून आदेश देईल असे कोणतेही शासकीय कार्यालय तेव्हा राज्यात नव्हते.

३१ मे रोजी मुसळधार पावसाने पाणी माथ्यावरून वाहू लागले. धोक्याच्या तारा गेल्या, परंतु धरण फुटणार ही आवई दर पावसाळी ऐकून लोक सरावले होते. दुपारी तीनच्या सुमारास धरण फुटले. चार वाजून गेल्यावर लोंढा जॉन्सटाउनवर आदळला. २,२०९ माणसे मेली. त्यांत नव्याण्णव कुटुंबे संपूर्ण नाहीशी झाली.

क्लबविरुद्धचा एकही दावा यशस्वी झाला नाही. ईश्वरी कोप या सबबीने काम भागले. अमेरिकन स्थापत्य अभियंता संस्थेच्या समितीने १८९१ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालात तर मूळ रचना कायम असती तरी धरण फुटलेच असते असे म्हटले. २०१६ च्या एका जलवैज्ञानिक अभ्यासाने हा निष्कर्ष खोडून काढला. माथा उतरवल्याने पुराचे पाणी सुरक्षितपणे वाहून नेण्याची क्षमता जवळजवळ निम्म्यावर आली होती, असे त्यात दिसते. म्हणजे सव्वाशे वर्षांनंतर.

वस्तुतः साठवलेले पाणी निसटून शेजाऱ्याचे नुकसान झाले तर हयगय सिद्ध न होताही मालक जबाबदार, हे तत्त्व इंग्लंडमध्ये रायलंड्स विरुद्ध फ्लेचर या खटल्यात १८६८ मध्येच प्रस्थापित झाले होते. तोही तलाव खासगीच, एका गिरणीचा. १८७४ मध्ये हेच तत्त्व आपल्या कार्वेटिनगरच्या जमीनदाराला लावावे अशी मागणी मद्रास रेल्वेने केली, कारण त्याचे तलाव फुटून रेल्वेच्या कामांची हानी झाली होती. प्रिव्ही कौन्सिलने ती फेटाळली. हे तलाव प्राचीन असून शेतीसाठी ते राखणे हे जमीनदाराचे कर्तव्यच आहे, हा त्यामागील विचार. मला तो निर्णय योग्य वाटतो. पण ज्या तर्काने कार्वेटिनगरचा जमीनदार सुटतो, त्याच तर्काने मासेमारीचा क्लब सुटू नये.

पेनसिल्व्हेनियाने कायदा केला तो १९१३ मध्ये, तोही ऑस्टिन येथे कागद कंपनीचे धरण १९११ मध्ये फुटून ७८ जण मेल्यावर. जॉर्जियाला कायदा सुचण्यास ६ नोव्हेंबर १९७७ उजाडावे लागले. तेथील केली बार्न्स धरणावरील वीजनिर्मिती १९५७ मध्ये बंद पडली होती व तलाव केवळ विहारासाठी उरला होता. तो एका धार्मिक महाविद्यालयाच्या मालकीचा, आणि महाविद्यालय नेमके त्याच्या खाली. मध्यरात्रीनंतर धरण फुटले. ३९ बळी गेले.

आपला धरण सुरक्षा अधिनियम २०२१ च्या अखेरीस अमलात आला. मालकाच्या व्याख्येत त्याने कंपनीलाही घेतले आणि नियंत्रण वा देखभाल करणाऱ्यांनाही, हे उत्तम झाले. मात्र तो लागू होतो १५ मीटरपेक्षा उंच धरणांना. १० ते १५ मीटरमध्ये लांबी किमान ५०० मीटर, साठा किमान दहा लाख घनमीटर अशा काही अटींपैकी एक तरी पूर्ण व्हावी लागते. केली बार्न्सची उंची सुमारे १२ मीटर, लांबी सव्वाशे मीटरच्या आत, आणि फुटतेवेळचा साठा आठ लाख घनमीटरांहून कमी होता.