मातीचा बैल आणि चोवीस कॅमेरे

पोळ्याच्या आधी उमरीच्या बाजारात मातीच्या बैलजोड्या मांडलेल्या असतात. त्यातला एक बैल ओट्यावर ठेवून आम्ही त्याच्याभोवती फिरत मोबाइलने साठ छायाचित्रे घेतली व संगणकाला दिली. पडद्यावर बैल उभा राहिला. शिंगे, वशिंड, झूल, सारे जागच्या जागी. पण पाठीवर जेथे रंग चकाकत होता तेथे चक्क खड्डा!

मुलांना हे आजचे नवल वाटते. कल्पना मात्र दीडशे वर्षांहून जुनी आहे. १८६० साली पॅरिसमधील फ्रांस्वा विलेम या शिल्पकाराने 'छायाशिल्पा'चे पेटंट घेतले. गोल दालनात मधोमध माणूस उभा करायचा आणि भोवती चोवीस कॅमेरे. दोन शेजारी कॅमेऱ्यांत किती अंशांचा कोन होतो, हे विद्यार्थ्यांनीच काढावे. मग प्रत्येक छायाचित्र जादूच्या कंदिलाने पडद्यावर टाकून त्याची बाह्यरेषा पँटोग्राफच्या एका टोकाने गिरवायची. दुसरे टोक मातीचा गोळा कापत जाई. एक रेषा झाली की गोळा १५ अंशांनी फिरवायचा. शेवटचा हात अर्थातच शिल्पकाराचा. हा व्यवसाय काही वर्षांतच बंद पडला.

या पद्धतीत एक मूलभूत उणीव होती. वाटीच्या बाह्यरेषेवरून तिची खोली कशी कळणार? डोळ्यांच्या खोबण्यांचेही तेच.

त्याचे उत्तर दुसरीकडे तयार होत होते. फ्रान्समध्ये लष्करी अभियंता एमे लॉसदा १८४९ पासून चित्रांवरून नकाशे करण्याच्या खटपटीत होता. जर्मनीत १८५८ साली वेट्झलारच्या चर्चची मापे घेताना आल्ब्रेख्त मायडेनबावर उंचावरून पडता पडता वाचला. भिंतीवर चढण्याऐवजी छायाचित्रावरच मापे घेतली तर, हा विचार त्यातून आला. 'फोटोग्रामेट्री' हा शब्द १८६७ साली त्याच्याच लेखातून रूढ झाला.

तत्त्व साधे आहे. अंगठा समोर धरून एकेक डोळा मिटून पाहा. मागच्या भिंतीच्या संदर्भात अंगठा सरकतो. जवळची वस्तू जास्त सरकते, दूरची कमी. एकच खूण दोन ठिकाणांहून दिसली की दोन किरणांच्या छेदावर तिची जागा ठरते. थिओडोलाइटने भूमापन करणारेही हेच करीत. येथे बाह्यरेषेची गरज नाही; दिसणारा प्रत्येक ठिपका, अगदी वाटीच्या तळाचासुद्धा, मोजता येतो.

कष्ट होते ते दोन्ही चित्रांतली तीच खूण शोधण्याचे. विसाव्या शतकात विमानातून घेतलेल्या छायाचित्रांवरून नकाशे झाले, १९६६ साली डेहराडूनला छायाचित्र-अर्थनिर्णयनाची संस्था निघाली. तरी खुणा जुळवायला बराच काळ माणसाचाच डोळा लागे. १९९९ साली डेव्हिड लोव यांनी चित्र फिरले वा लहानमोठे झाले तरी तीच खूण ओळखणारी संगणकीय रीत मांडली आणि मोठी अडचण सरली. आमच्या बैलाच्या पाठीवरचा खड्डाही यातच आहे: चकाकी पाहणाऱ्याबरोबर सरकते, म्हणून ती खूणच नव्हे.

बैलांशेजारी शेतकरी उभा करून देखावा रचला, तेव्हा शेतकरी बैलाहून लहान निघाला! छायाचित्रे आकार सांगतात, माप सांगत नाहीत. शेजारी फूटपट्टी ठेवायलाच हवी होती. शिवाय एकाची सावली डावीकडे, दुसऱ्याची उजवीकडे.

हा केवळ खेळ नव्हे. अफगाणिस्तानातील बामियानच्या प्रचंड बुद्धमूर्ती मार्च २००१ मध्ये सुरुंगांनी उडवल्या गेल्या. ग्रात्सच्या रॉबर्ट कोस्टका यांनी १९७० साली थोरल्या मूर्तीची मापनयोग्य छायाचित्रे घेऊन ठेवली होती. त्यांवरून झुरिकच्या आर्मिन ग्रून यांच्या गटाने मूर्ती संगणकावर पुन्हा उभी केली. प्रवाशांच्या छायाचित्रांवरूनही प्रयत्न झाला, पण काटेकोर मापे मिळाली ती कोस्टकांच्या काचांवरूनच.

आमच्या जिल्ह्यात कंधारला राष्ट्रकूटकालीन भव्य क्षेत्रपालमूर्तीचे भग्न अवयव आहेत, होट्टलला चालुक्यकालीन मंदिरे आहेत. सहलीला गेल्यावर मुले मूर्तीपुढे उभी राहून स्वतःचीच छायाचित्रे काढतात. त्याऐवजी मूर्तीभोवती फिरून, प्रत्येक चित्रात आधीच्या चित्राचा निम्म्याहून अधिक भाग येईल अशी चाळीस-पन्नास चित्रे घ्यावीत. शेजारी मापपट्टी, वहीत तारीख.

बैलाच्या पाठीवर आम्ही दुसऱ्या खेपेस रांगोळीची पूड भुरभुरवली आणि खड्डा भरून आला. मूर्तीवर हा उपाय मुळीच करू नये. तेथे ढगाळ दिवसाची वाट पाहावी.